सुईचा आवाज

विसूभाऊ गेल्याचं मला कळलं ते मालतीवहिनींच्या पोस्टकार्डावरून, तेही तेरावा होऊन गेल्यावर. कॉलेजच्या स्टाफरूममधल्या माझ्या खणात ते कार्ड दोन दिवस पडून होतं. परीक्षांचे दिवस होते, मी खण उघडलाच नव्हता. 'यांना मंगळवारी पहाटे देवाज्ञा झाली. त्रास फारसा झाला नाही. तुमच्यासाठी ठेवलेली एक वस्तू इथे आहे, सवडीने येऊन घेऊन जावी.' वहिनींचं अक्षर नेहमीसारखं सरळ, एकही ओळ कललेली नव्हती. कार्ड हातात धरून मी खिडकीपाशी उभा राहिलो. त्या क्षणी मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहावं की नाही, याचा विचार मी गेले सहा आठवडे करतो आहे. लिहितो. पहिल्यांदा वाटली ती सुटका. आता विचारणारं कुणी उरलं नाही, असं वाटलं... दुःख त्यानंतर आलं, आणि ते आल्यावर आधीच्या सुटकेची जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही.

विसूभाऊ वाराणसीच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. घराणं पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला गेलेलं, घर ब्रह्मा घाटाजवळच्या गल्लीत, वडील वेदविद्या शिकवणारे. मी नागपूरच्या एका कॉलेजातला अधिव्याख्याता. पीएच.डी. नाही म्हणून बढती अडलेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तीन वर्षांची अभ्यासरजा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले होते आणि घरी एक मुलगी शाळेत जात होती. पहिल्या भेटीत त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाले, "बसा इत्मीनानानं. चहा घेणार की थंडाई? विद्यार्थी म्हणून आलात की तपासनीस म्हणून?" त्यांचं मराठी असंच होतं, घरातलं, हिंदीत भिजलेलं. मी एकदा चुकून हसलो तेव्हा म्हणाले, "तू 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो' म्हणतोस ते चालतं, आणि माझं 'इत्मीनान' तुला टोचतं काय रे?" तोपर्यंत मी 'तुम्ही'चा 'तू' झालो होतो.

त्यांचा विषय ऐकून लोकांना हसू येई. लढाऊ विमान चालवायला शिकणारा माणूस आधी जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये बसतो. समोर वेग दाखवणारं यंत्र असतं. वेग बदलायला लागला की ते त्याच्या किती लवकर लक्षात येतं, आणि वेग नुसत्या आकड्यांत दाखवला तर जास्त लवकर येतं की गोल तबकडीवरच्या काट्यानं, हे विसूभाऊ शोधत होते. ब्रह्मा घाटावरच्या वैदिकाचा मुलगा विमानांचा वेग मोजतो, याची गल्लीत भरपूर थट्टा होती. पण त्यांना विमानाचं वेड मुळीच नव्हतं, ते आयुष्यात एकदाच विमानात बसले होते आणि त्यांना उलटी झाली होती. त्यांना कुतूहल होतं ते लक्ष या गोष्टीचं. बदल हळूहळू होत असेल तर माणसाला तो कधी कळतो? एका संध्याकाळी भोसले घाटाच्या पायऱ्यांवर बसलेलो असताना त्यांनी समोरून जाणाऱ्या नावेकडे बोट केलं. "आकडा सांगतो, तू आत्ता कुठं आहेस. सुई सांगते, तू कुठं चालला आहेस. पायलटला दोन्ही पाहिजे, पण घाईच्या वेळी काय आधी दिसतं, बोल." मराठीत आपण काटा म्हणतो, पण तिथल्या प्रयोगशाळेत सगळे सुईच म्हणत, आणि मलाही तीच सवय लागली.

आमचं कॉकपिट रामनगरच्या एका सुतारानं बनवलं होतं. नदीपलीकडे त्याचा नावा बांधण्याचा धंदा. विसूभाऊंनी त्याला छायाचित्रं दाखवली, मापं दिली, तरी तयार झालेल्या कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना नावेची गोलाई आलीच. सुतार म्हणाला, "गुरुजी, हाथ को यही आता है. उड़े न उड़े, डूबेगा नहीं." पुढे कित्येक दिवस विसूभाऊ हे वाक्य पाहुण्यांना ऐकवत. आत एक आसन, उजव्या हाताला दांडा, दांड्यावर दोन बटणं. समोर संगणकाचा पडदा, त्यावर आकडे. शेजारी खरीखुरी गोल तबकडी, कारण तेव्हाच्या आमच्या संगणकाला पडद्यावर सुई काढता येई, पण ती सरकवताना तो झटके देई. म्हणून तबकडीमागे एक छोटी मोटर बसवली होती. ती मी बसवली होती. वेग साडेचारशे नॉटवर स्थिर ठेवायचा आणि मग केव्हातरी, न सांगता, अगदी हळू वाढवायचा किंवा उतरवायचा. बसलेल्यानं ओळखून बटण दाबायचं. आणि हे सगळं चालू असताना इंजिनाचा घरघराट मोठ्यानं वाजत राहायचा. तो घरघराट विसूभाऊंनी विमानतळाच्या कुंपणाबाहेर टेपरेकॉर्डर घेऊन उभं राहून भरून आणला होता. त्यात मध्येच एका म्हशीचं रेकणं होतं, ते कापायला त्यांनी नकार दिला.

जेवायला मी त्यांच्याकडेच असे. मेसचं खाणं बंद कर, असं वहिनींनी दुसऱ्याच आठवड्यात फर्मावलं. जेवणानंतर विसूभाऊ सुपारी कातरत आणि वडिलांच्या गोष्टी सांगत. त्यातली एक मला इथे सांगायलाच हवी. इतर गुरुजी वेदपाठाची संथा देताना विद्यार्थी चुकला की लगेच टोकत. त्यांचे वडील टोकत नसत. विद्यार्थी म्हणत असे तोवर वडिलांच्या हातात अडकित्ता चालू असे, कट कट कट. चूक झाली की अडकित्ता थांबे. बस, एवढंच. चेहऱ्यावर राग नाही, डोळे मिटलेले. विद्यार्थ्यानं ओळखायचं की काहीतरी चुकलं, स्वतः शोधायचं, जिथपर्यंत बरोबर होतं तिथं परत जायचं आणि तिथून पुन्हा म्हणायचं. "एकदा मी अर्धा तास शोधत बसलो," विसूभाऊ म्हणाले. "बाबा बसून होते. आई जेवायला हाका मारून थकली. मी रडकुंडीला आलो, म्हटलं, सांगा ना. तर म्हणाले, मी सांगितलं तर ती चूक माझी होईल." ही गोष्ट ऐकताना मी हसलो होतो.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा माझी घाई सुरू झाली. बिजलीचा त्या उन्हाळ्यात काही नेम नव्हता. दुपारी बाराला गेली की चारपर्यंत यायची नाही. विभागात बॅटरीवर चालणारा एक इन्व्हर्टर होता. त्यावर संगणक आणि मोटर चालत, पण इंजिनाचा आवाज वाजवणारा अॅम्प्लिफायर जोडला की तो वीस मिनिटांत मान टाकी. प्रयोगाला बसणारी मुलंमुली परीक्षा संपताच गावाला जाणार होती. मी अॅम्प्लिफायरची पिन काढून टाकली. आवाज नसला तर काय बिघडतं, पाहायचं तर डोळ्यांनीच आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. नोंदवहीत मात्र रोजच्यासारखं 'आवाज: चालू' असंच लिहीत गेलो. ते लिहिताना हात अडखळला नाही, हे मला आज जास्त भयानक वाटतं. विसूभाऊ त्या महिन्यात वडिलांच्या आजारपणात गुंतले होते, प्रयोगशाळेत फारसे येत नव्हते.

मंजुला नावाची संगीत विभागातली विद्यार्थिनी एका दुपारी प्रयोगाला आली. सतार शिकत होती, बोलायला मोकळी. आकड्यांच्या फेरीत ती इतरांसारखीच होती. तबकडीच्या फेरीत तिनं एकही बदल सोडला नाही, आणि बटण इतक्या लवकर दाबलं की मला वाटलं यंत्र बिघडलं. मी विचारलं, कसं ओळखता? ती हसली. "सर, इसमें देखना क्या है? सुई तो बोलती है. चढ़ते हुए अलग, उतरते हुए अलग." मग तिनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, चलाइए. मी बारा वेळा सुई हलवली. बारा वेळा तिनं बरोबर सांगितलं. मी स्वतः कॉकपिटमध्ये बसलो, कान दिला. मोटर सुरू होताना बारीक घुर्र असा आवाज येत होता, लाकडातून, आसनातून, पाठीतून. इतके दिवस बसलेल्या प्रत्येकाला तो कळत असणार. बहुतेकांना, आपण ऐकतो आहोत हेही माहीत नसेल. आमची तबकडी आकड्यांच्या कितीतरी पुढे चालली होती ती यामुळे. त्या सगळ्या दुपारच्या फेऱ्या टाकून द्यायला हव्या होत्या, म्हणजे माझा जवळजवळ निम्मा प्रबंध.

मी काय केलं? मंजुलाला म्हणालो, आप थक गई होंगी, आज रहने दीजिए. तिची फेरी वगळली. विसूभाऊंनी नोंदी चाळताना एक नाव का खोडलं आहे ते विचारलं, तर मी म्हणालो, "ती लक्ष देत नव्हती, सगळा वेळ हसत होती." त्यांनी मान डोलावली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, आणि मी एका मन लावून ऐकणाऱ्या मुलीला बेफिकीर ठरवून तो वापरला. प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली, बढती मिळाली. त्याच निष्कर्षांवर विसूभाऊंनी सिम्युलेटर बनवणाऱ्या एका संस्थेला अहवाल पाठवला. निरोपाच्या दिवशी वहिनींनी माझ्या मुलीसाठी लाकडी खेळण्यांचा डबा दिला, आणि स्टेशनवर विसूभाऊ म्हणाले, "नागपूरला जाऊन आम्हाला विसरून राहू नकोस." गाडी सुटताना सांगून टाकावं असं वाटलं होतं. पण गाडी सुटताना अशा गोष्टी सांगत नाहीत, असं काहीतरी मी मनात म्हटलं.

त्यांची पत्रं येत. सुरुवातीला दोन्ही बाजू भरलेल्या, समासात उभ्या ओळी, विभागातल्या भांडणांची नक्कल, टेपमधल्या म्हशीच्या रेकण्याची आठवण. मग दोन वर्षांपूर्वी कधीतरी ती बदलली. मजकूर प्रेमाचाच, पण अर्ध्या पानावर संपायचा. खाली अर्धा कागद कोरा. मला वाटलं, वय झालं, हात दुखत असेल. गेल्या दिवाळीला आलेल्या शेवटच्या पत्रात एवढंच होतं, 'एकदा येऊन जा. पाणी उतरलं आहे, घाटावर बसू. घाई नाही.' खाली कोरा कागद. मी मुलीच्या दहावीचं कारण कळवलं. ते कारण खरं होतं. तसल्या खऱ्या कारणांआड मी चार वर्षं काढली.

मे महिन्यात मी वाराणसीला गेलो. वहिनी जिन्यात भेटल्या, हातात रिकामी बादली होती. "या भावजी. जेवून आलात की भुकेले?" असं नेहमीचंच विचारलं, आणि मग तोंड फिरवून जिना चढल्या. जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. आमची तबकडी. मागे मोटर, तिला दोन टॉर्चचे सेल आणि लांब वायरीवर एक बटण जोडलेलं. मोटर आणि लाकूड यांच्यामध्ये जाड लोकरीचा तुकडा घट्ट बसवला होता, कडा सुबक कापलेल्या.

"हे त्यांच्या बाबांच्या धाबळीतलं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, सोवळ्यातली धाबळी कातरता काय. तर म्हणाले, बाबांना चाललं असतं."

मी विचारलं, हे केव्हाचं? त्या सांगत गेल्या. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात मंजुला त्यांना भेटली. आता ती एका शाळेत संगीत शिकवते. तिनं हसत विचारलं, सर, वो बोलनेवाली सुई अब भी है? विसूभाऊ घरी आले ते न जेवता प्रयोगशाळेत गेले आणि तबकडी घरी घेऊन आले. "मग सुरूच झालं. मला स्वयंपाकघरात बटण घेऊन बसवायचे आणि स्वतः इथं डोळे मिटून. मी दाबलं की विचारायचे, दाबलंस काय. कधी रबर घालून बघ, कधी कापूस. ही लोकर घातली तेव्हा मी तीनदा दाबलं, यांना कळलं नाही. एवढे खूश झाले, की मला म्हणाले, चल, कचौडी खाऊ."

त्यानंतर दोन सत्रांत त्यांनी सगळा प्रयोग पुन्हा केला होता. नव्या मुलांवर, पूर्ण आवाजात. वही वहिनींनी माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर सहभागी व्यक्तींची यादी, आणि त्यात पहिलंच नाव मंजुलाचं. सुई आकड्यांच्या पुढेच निघाली होती, पण अगदी थोडी. मी खोटं लिहून जे मोठं केलं होतं ते मुळात खरं होतं, फक्त लहान... वहीत शेवटी त्या संस्थेला पाठवलेल्या पत्राची प्रत होती. 'पूर्वीच्या अहवालातील काही नोंदी सदोष यंत्रामुळे ग्राह्य धरू नयेत. यंत्र तपासण्याची जबाबदारी माझी होती, ती मी पार पाडली नाही. प्रत्यक्ष विमानात सुई ऐकू येत नाही.' माझं नाव कुठेही नव्हतं.

"मला का लिहिलं नाही त्यांनी?" मी म्हटलं.

वहिनींनी सुपारीचा डबा जवळ ओढला. "मी पण हेच विचारलं. दर पत्राच्या वेळी विचारायचे मी. म्हणायचे, तो शोधतो आहे, शोधू दे." मग डबा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "शेवटी शेवटी मात्र म्हणाले, आपण बोलायला हवं होतं काय ग? बाबांचं बाबांना शोभत होतं. त्यांचा विद्यार्थी समोर बसलेला असायचा."

ते अर्धे कोरे कागद मला तेव्हा कळले. नागपूरला परतताना गाडीत मी ती सगळी पत्रं मनात पुन्हा वाचत होतो, आणि खालच्या कोऱ्या भागाशी येऊन थांबत होतो. दोन वर्षं तो अडकित्ता थांबलेला होता. बदल माणसाला किती लवकर कळतो हे मोजून मी डॉक्टर झालो; तसाच एक बदल माझ्या टेबलावर दर पत्राबरोबर येऊन पडत होता, आणि मी म्हणत होतो, हात दुखत असेल.

घरी आल्यावर पत्नीला, सुनंदाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला काशीचं पाणी मानवलं नाही म्हणून नाव काढत नाही." गेल्या आठवड्यात मी विद्यापीठाला रजिस्टर पत्र पाठवलं आहे. कोणत्या फेऱ्या आवाजाशिवाय झाल्या, नोंदवहीत काय लिहिलं आणि खरं काय होतं, हे जिथपर्यंत बरोबर होतं तिथपासून क्रमानं लिहिलं. एक प्रत आमच्या प्राचार्यांना दिली. पदवीचं, बढतीचं काय व्हायचं ते होईल. दुसरी प्रत मंजुलाला पाठवली, सोबत एक वेगळं पत्र, ते लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. विसूभाऊंना पाठवायची प्रत माझ्याकडे आहे.

तबकडी माझ्या टेबलावर असते. सुनंदा कधी संध्याकाळी वायर घेऊन दाराशी बसते, भाजी निवडता निवडता. मी डोळे मिटतो. सुई साडेचारशेवर असते. घरात कुकरची शिट्टी ऐकू येते, रस्त्यावरून सायकल जाते. मी कान देऊन वाट पाहतो.

"कळलं का?" ती विचारते.

मी नाही म्हणतो. डोळे उघडून पाहतो, तर सुई चारशेऐंशीवर गेलेली असते.